फरशीला हळद लागली

तासगावच्या मावशीने धाडले शेंगदाण्याचे लाडू.
आई म्हणाली, "मोजलेत मी! पाहुणे आल्यावर काढू."
छत्तीस होते. उंच फळीवर डबा, झाकण घट्ट.
सोमवारी एकतीस! पाच लाडू कुणी केले गट्ट?

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा पेपरात गर्क.
मी तोंड उघडून हिरड्या दाखवल्या, हाच माझा तर्क :
पुढचे दोन्ही पडलेत दात. लाडू फोडू कशाने, बोला!
आणि नाव धुऊन काढायला मी तपास सुरू केला.

वही घेतली, टॉर्च घेतला, कमरेला दोर बांधला.
(दोर कशाला, माहीत नाही. तपासात लागतो म्हणे.)

संशयित एक : मामलेदार. बोका. वजन सहा किलो.
"काल रात्री कुठं होतास?" जांभई दिली. म्हणजे "झोपलो."
मिशीला काही चिकटलं होतं, टॉर्च मारून पाहिलं :
दुधावरची साय निघाली. ते प्रकरण वेगळं राहिलं.

संशयित दोन : बंडल. कुत्रा. कुणी शिंकलं तरी भितो.
'डबा' म्हटलं की खाली बघतो, गटागट पाणी पितो.
तिसरी कोंबडी, जनाक्का. तिची नजर मला खटकते :
समोर बसून विचारलं तरी बाजूलाच भटकते.
चौथे पोपट, वकीलसाहेब. ते दादच नाहीत लागू देत.
कुकरच्या तीन शिट्ट्या मारल्या. आई आली धावत.
गॅसवर काहीच नव्हतं.

बाबांचा धंदा हळदीचा, घरभर नमुन्याच्या पुड्या.
रात्री सगळे झोपले तेव्हा मारल्या मी दोन उड्या,
एक फोडली, आणि फळीच्या बरोबर खालच्या फरशीला
पातळ पातळ हळद लावली, जशी लावतात नवरीला.

सकाळी बघते तर काय! फरशीचा झाला नकाशा.
आई म्हणाली, "पुसून टाक आधी हा पिवळा तमाशा!"
"थांब! पुरावा आहे तो!" बोक्याचे गोल ठसे चार,
बंडलचे मोठे, जनाक्काचे बाण थेट दाराच्या पार,
आणि सगळ्यांच्या मधोमध,
सरळ, सावकाश, ऐटीत,
पाच बोटांची पावलं.
माझ्या पावलाच्या दुप्पट.

मे महिना. सांगलीचं ऊन. पंखासुद्धा वाफ फेकत होता.
आणि आमचे बाबा पोहे खात होते,
पायात लोकरीचे मोजे घालून.
"जरा गारवा आहे नाही?" म्हणाले.
कुणी विचारलं नव्हतं.

(डॉक्टरांनी त्यांचा गूळ, साखर वर्षभर बंद केलीय.
हे मी वहीत लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं.)

तेवढ्यात वकीलसाहेबांनी घसा खाकरला,
आणि अगदी बाबांच्याच आवाजात,
"शूऽऽ! बंडल, तुला अर्धा. जनाक्का, तुला चुरा.
मामलेदार, साय चाट आणि दाराशी थांब जरा."

आई नळावर पाणी भरत होती, म्हणून वाचले बाबा.
"गुन्हा कबूल?" "कबूल. पण तू पुन्हा मोजू नको डबा."
मग हळूच म्हणाले, "तपास अधिकारी, हरभट रोडला जाऊ?
कुल्फीला दात लागत नाहीत. दोन-दोन खाऊ."

मी विचार केला. कायद्याचा. न्यायाचा. पिस्त्याचा.
वहीत लिहिलं : 'आरोपी उंदीर. फरार. रंग पिवळा.'
फरशी पुसली. चौकशी बंद.

संध्याकाळी निघणार, तर पिंजऱ्यातून आवाज आला.
या वेळी माझा. अगदी माझा, पडलेल्या दातांसकट :
"दोन पिस्ता! आईला काही थांगणार नाही मी!"

आई बाहेर आली. काहीच बोलली नाही.
चप्पल घातली, पर्स घेतली, घराला कुलूप लावलं.
कुल्फीवाल्याला म्हणाली, "तीन द्या. दोन मला, एक हिला."
आणि पिशवीतून काढून बाबांच्या हातात
सोललेली काकडी ठेवली.